माळ रिकामा नव्हता

माझी आजी म्हणत असे, की एखादी चूक कबूल करावयाची असेल तर ती दिवाळीच्या तोंडावर करावी. उरलेसुरले अभ्यंगस्नानात धुऊन निघते. तिने दिलेल्या या सवलतीचा फायदा घेऊन मी आज वाचकांपुढे एक कबुली देणार आहे. सन २०१७ च्या ऑगस्ट महिन्यात मी एका माळावर पाचशे झाडे लावविली.

यात कबुली कसली, असे आपल्याला वाटेल. झाडे लावणे हे तर पुण्यकर्म! मलाही तसेच वाटत होते. आमच्या महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेचे काम त्या वर्षी माझ्याकडे आले होते. (मराठीच्या प्राध्यापकांना पुष्कळ रिकामा वेळ असतो असा एक समज सर्वत्र आहे, आणि कोणालाही नको असलेली कामे त्या समजाच्या उतारावरून आमच्याकडे वाहत येतात.) उन्हाळे वाढत चालले होते, पाऊस कधी आठवडेच्या आठवडे गायब, तर कधी एका रात्रीत महिन्याचा. हवामान बिघडले आहे आणि त्यावर झाड हे औषध आहे, एवढे माझे ज्ञान. दोन बसगाड्या भरून मुले, फावडी, घमेली आणि पोह्यांचे डबे घेऊन आम्ही निघालो आणि जेजुरीच्या पलीकडे एका गावच्या माळावर उतरलो. रोपे गिरिपुष्पाची होती. ती निवडताना रोपवाटिकेतील गृहस्थांनी आम्हांला मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले होते, "हेच न्या. झपाट्याने वाढते, आणि जनावर तोंड लावीत नाही."

खड्डे खणण्यापूर्वी मी भाषण केले. अशा प्रसंगी मराठीच्या बाईंनी काय बोलावयाचे हे ठरलेलेच असते. वृक्षारोपणाच्या प्रत्येक फलकावर असणारा तुकोबांचा अभंग मी म्हटला आणि शेवटी आवाज चढवून म्हणाले, "मुलांनो, या ओसाड माळाला आज आपण जीवन देणार आहोत!" टाळ्या पडल्या.

टाळ्या न वाजविणारा एकच मनुष्य तेथे होता. डोक्याला लाल मुंडासे, खांद्यावर घोंगडी आणि हातातल्या काठीवर हनुवटी टेकून उभा असलेला एक म्हातारा धनगर. मुले पांगल्यावर तो जवळ आला.

"बाई, झाडं लावा की. लई चांगलं. पर म्येंढरं काय खातील त्ये बी लिवून द्या."

मी हसले. "आजोबा, इथं आहे काय खायला? नुसता माळ तर आहे!"

"हां," तो म्हणाला, "नुसता माळ हाय." आणि काठी उचलून निघून गेला.

पुढच्याच वर्षी पावसाने दगा दिला. २०१८ च्या ऑक्टोबरअखेर राज्यातील १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. आमच्या पाचशे रोपांपैकी बहुतेक जळून गेली. जी थोडी जगली त्यांच्याखाली गवत धरेना. हे मला कळले ते एका विद्यार्थिनीकडून. तिचे आजोळ त्याच बाजूला आहे. तिने ते सहज सांगितले, पण माझ्या मनात ते कुसळासारखे रुतून बसले. कुसळ कसे, वरून काही दिसत नाही आणि चालताना मात्र पावलोपावली टोचते.

मी भाषा शिकविते. तेव्हा माझा तपास माझ्याच तोंडून बाहेर पडलेल्या शब्दापासून सुरू झाला. 'ओसाड' हा तो शब्द. घर ओस पडते, गाव ओस पडते. म्हणजे तेथे कोणी नांदत होते, ते उठून गेले. माळाला ओसाड म्हणताना मी नकळत एक सबंध इतिहास सांगून टाकला होता: येथे पूर्वी काहीतरी भरघोस होते, घनदाट अरण्य असेल, ते कोणीतरी तोडले, शेळ्यामेंढ्यांनी उरलेले खाल्ले, आणि हा भकास माळ मागे राहिला. हा इतिहास मी कोठे वाचला होता? कोठेच नाही. तो त्या शब्दाच्या पोटातच होता, आणि शब्द मला आयता मिळाला होता.

आयते मिळालेले असे शब्द आपल्या दप्तरांतही आहेत. ज्यांच्या घरी सातबारा आहे त्यांनी तो उघडून पाहावा. जी जमीन नांगराखाली येत नाही तिला तेथे 'पोटखराबा' म्हटलेले असते. इंग्रजी अमलात जमीन महसुलाची जी मोजणी दख्खनभर झाली, तिची घडी गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३५ च्या सुमारास बसविली ती इंदापूर तालुक्यात. म्हणजे याच माळरानाच्या मुलखात. सरकारला सारा हवा होता आणि सारा पिकावर मिळतो. तेव्हा पीक येते ती जमीन चांगली आणि येत नाही ती खराब, हा हिशेब सरळ होता. पुढे त्या शतकात जंगलखाते आले. त्यातील पुष्कळ अधिकाऱ्यांची दृष्टी लाकडावर होती. त्यांना विरळ झाडीचा गवताळ मुलूख म्हणजे बिघडलेले जंगल वाटे. एकाने जमीन खराब ठरविली, दुसऱ्याने ती आजारी ठरविली. स्वातंत्र्यानंतर आपण बरेच काही बदलले, पण हे दोन शेरे तसेच राहिले. केंद्र सरकारच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात आपल्या गवताळ प्रदेशांचा मोठा भाग मोडतो. २०३० पर्यंत देशातील २ कोटी ६० लाख हेक्टर उजाड जमीन सुधारण्याचा संकल्प आपण जगापुढे सोडला आहे. तेव्हा 'उजाड' कशाला म्हणावयाचे, हा प्रश्न केवळ भाषेच्या तासाचा राहत नाही. त्यावर कोट्यवधी खड्डे कोठे खणले जाणार हे ठरते.

मग या माळांवर खरोखर अरण्य होते का? साक्षीला कोणाला बोलवावयाचे? मातीत दडलेले परागकण आणि जुन्या गाळातली बीजे शास्त्रज्ञांना पुष्कळ सांगतात. पण माणसांनी लिहून ठेवलेले आणि गाऊन ठेवलेले शब्द हीही एक साक्ष असते, आणि ती वाचण्याचे काम आमचे.

जपानातील क्योतो शहरात चेरीच्या फुलोऱ्याचे सोहळे होत आणि दरबारी मंडळी आपल्या रोजनिशीत त्यांचे दिवस टिपून ठेवीत. त्यांना हवामानशास्त्राशी काही कर्तव्य नव्हते. त्यांना फुले पाहावयाची होती, कविता करावयाच्या होत्या. परंतु नवव्या शतकापासूनच्या या रोजनिश्या जुळवून विद्वानांनी बाराशे वर्षांच्या वसंतांची सारणी तयार केली. २०२१ मध्ये क्योतोची चेरी २६ मार्चला पूर्ण बहरली, तेव्हा नोंदींतील तोवरचा हा सर्वांत लवकरचा बहर आहे असे छातीठोक सांगता आले ते या रसिकांच्या जिवावर. थर्मामीटरचे वय ते किती!

आपल्याकडे असे काही नाही, असे मी वर्गात हळहळून सांगत असे. आणि २०२५ मध्ये आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांचे संशोधन प्रसिद्ध झाले. वनस्पतींचा शोध घेण्यासाठी ते चक्क मराठी वाङ्मयात शिरले होते. तेराव्या शतकापासूनची चरित्रे, ओव्या, आख्यायिका, लोककथा चाळून त्यांनी पश्चिम महाराष्ट्रातील कोरड्या मुलखात कोणती झाडे कोठे उल्लेखिली आहेत ते वेचले. निघाले काय? बाभूळ, हिवर, तरवड अशी उघड्यावर, उन्हात वाढणारी झाडी. त्यांचा निष्कर्ष असा, की ही माळराने निदान साडेसातशे वर्षे अशीच आहेत. गवत, मधूनमधून काटेरी झाड, आणि वर आभाळ. इंग्रज येण्यापूर्वी कितीतरी आधीपासून! तोडलेल्या अरण्याचे ते कलेवर नव्हेच.

तो लेख वाचताना माझी मान शरमेने खाली गेली. यातील काही ग्रंथ माझ्या कपाटात आहेत. 'लीळाचरित्र' मी एम.ए.च्या वर्गाला दरवर्षी शिकविते. विभक्तिप्रत्ययांवर दोन तास घेते. 'बनगरवाडी' तर बारा वर्षे शिकविली. कथानक, व्यक्तिचित्रण, वातावरणनिर्मिती, सगळ्यांवर टिपा लिहवून घेतल्या. पण व्यंकटेश माडगूळकरांच्या त्या वाडीतील मेंढरे कशावर जगतात, असा प्रश्न मी एकदाही परीक्षेत घातला नाही. शेवटी दुष्काळात धनगर उठून जातात आणि वाडी ओस पडते. 'ओस' हा शब्द तेथे शोभतो. माळ मात्र त्याच्या आधी ओस नव्हता.

तरी हे काम दिसते तितके सोपे नाही, आणि येथे माझ्या धंद्याची थोडी बढाई मारू द्यावी. जुन्या काव्यात झाडाचे नाव आले म्हणजे ते झाड तेथे होतेच असे नाही. आपले आख्यानकवी एकदा वनवर्णन करू लागले, की आंबा, फणस, नारळ, चंदन, केतकी यांची अशी रांग लावतात की विचारता सोय नाही. ती झाडे त्यांनी अंगणात पाहिलेली नसतात. ती संस्कृत काव्यातून वारशाने आलेली असतात. कोरड्या मुलखात बसलेल्या कवीच्या वनात नारळ डुलत असला, तर तो नारळ पोथीतला आहे हे ओळखावे लागते. उलट एखाद्या साधूच्या चरित्रात कोणी चालता चालता बाभळीखाली बसतो, कोणाचे वस्त्र बोरीला अडकते. तेथे लेखकाला निसर्ग रंगवावयाचा नसतो. त्याचे सारे लक्ष साधूकडे असते. म्हणूनच ती बाभूळ खरी मानावी. खोटे बोलण्याचे तिला कारण नाही. कोणता उल्लेख संकेताचा आणि कोणता डोळ्यांनी पाहिलेला, कोणती पोथी जुनी आणि कोणत्या ओळी मागून कोणी घुसडल्या, हे पाहण्याची सवय लागावयास वर्षे जातात. उपग्रहाच्या छायाचित्रात ते दिसत नाही.

मी हे वर्गात सांगितले, तेव्हा त्या आजोळ असलेल्या मुलीने आपण होऊन एक उद्योग केला. ती मूळची इंदापूर तालुक्यातली. तिने गावांच्या नावांची यादी करून आणली. बाभुळगाव, बोरी, पळसदेव. "मॅडम, गावानेच साक्ष लिहून ठेवली आहे." मी तिला थोडे आवरले. गावाचे नाव कधी पडले ते कळल्याशिवाय त्यावर फार भार टाकू नये. शिवाय एकच झाड असलेल्या ठिकाणीही त्याचे नाव पडते, कारण ते एकटे असते म्हणूनच खुणेचे असते. पण मला मनातून फार आनंद झाला. वीस वर्षांत प्रथमच कोणीतरी अभ्यासक्रमात नसलेले काहीतरी वाचून आले होते.

वाचकांपैकी पुष्कळांनी नवपरिणीत असताना जेजुरीच्या पायऱ्या चढलेल्या असतील. (ह्यांनी मला पाच पायऱ्या उचलून नेले होते, सहाव्या पायरीविषयी आमच्यात अजून मतभेद आहेत.) गडावर खंडोबाशेजारी म्हाळसा आहे. ती लिंगायत वाण्याची लेक. आणि अर्ध्या वाटेवर बाणाईचे देऊळ लागते. बाणाई धनगराची लेक, चंदनपुरीची. तिच्यासाठी देव घर सोडून मेंढ्या राखावयास जातो, लोकरीच्या आणि लेंड्यांच्या वासात दिवस काढतो, आणि तिला घेऊन आल्यावर दोघी सवतींत जे व्हावयाचे ते होते. आपण ही कथा सवतींच्या भांडणाची म्हणून ऐकतो आणि हसतो.

गुंथर सोन्थायमर नावाच्या जर्मन पंडिताला ती निराळी दिसली. १९९२ मध्ये ते वारले. त्यापूर्वी कितीतरी वर्षे ते महाराष्ट्रात येत होते, धनगरांबरोबर चालत होते, त्यांच्या ओव्या ध्वनिमुद्रित करीत होते. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्यावर त्यांनी ग्रंथ लिहिला. त्यांच्या अभ्यासातून मला जे उमगले ते असे: म्हाळसा ही पेठेची, शेतीवाडीची, वसलेल्या गावाची, बाणाई ही राना-माळाची, फिरत्या वाड्यांची. देवाला दोन्ही घरे हवीत. एक सोडून चालत नाही. आपल्या पूर्वजांनी या मुलखाचा भूगोलच दोन बायकांच्या गोष्टीत बसवून ठेवला आहे आणि त्यात माळाला राणीचा मान दिला आहे. आमचे रा. चिं. ढेरे तर खुद्द पंढरीच्या विठ्ठलाचा माग काढीत गवळी-धनगरांच्या देवापर्यंत जाऊन पोचले. ज्या भूमीला सातबारा पोटखराबा म्हणतो, तिच्यातून आपली दैवते आली आहेत.

हा पाढा मी घरी वाचला तेव्हा आमचे हे, जे व्यवसायाने अभियंते आहेत, वर्तमानपत्र बाजूला ठेवून म्हणाले, "छान. म्हणजे आता झाडे लावायची नाहीत. आणि तुझ्या लीळाचरित्राने उष्मा किती अंशाने कमी होणार?"

एका अंशानेही होणार नाही, हे मी लगेच मान्य केले. झाडे लावू नयेत असेही मी म्हणत नाही. सह्याद्रीच्या घाटात जेथे खरोखर रान तुटले आहे तेथे लावावी, शहरांतल्या रस्त्यांवर लावावी, आपल्या अंगणात लावावी. पण सह्याद्रीच्या पूर्वेला, पर्जन्यछायेत, जेथे वर्षाकाठी वीसपंचवीस इंच पाऊस पडतो तेथे हजारो वर्षांच्या हिशेबाने गवत वाढलेले असते. गवत आपली शिल्लक बँकेत नव्हे, जमिनीखाली हंड्यात ठेवते. हवेतला कर्ब त्याच्या मुळांत आणि मातीत साठतो. वरचे गवत जळाले, चरले गेले, दुष्काळात वाळले, तरी खालचा बराचसा ठेवा शाबूत राहतो. आम्ही चर आणि खड्डे खणून तोच ठेवा उकरला. त्यावर जी रोपे लावली ती मेली. म्हणजे हवामानावरचे औषध म्हणून आम्ही जे दिले त्याने दुखणे वाढले. आणि उघड्या माळावर राहणारे माळढोक, काळवीट, लांडगा यांना सावलीचे काय करावयाचे? माळढोकासाठी १९७९ मध्ये सोलापूरजवळ नान्नज भागात अभयारण्य केले. आज त्या पक्ष्याचे महाराष्ट्रात दर्शन होणे कठीण झाले आहे.

सगळा दोष वृक्षारोपणाच्या माथी मारणेही बरोबर नाही. ऊस, औद्योगिक वसाहती, आणि शनिवार-रविवारचे बंगले यांनी आमच्या पाचशे खड्ड्यांपेक्षा कितीतरी जास्त माळ गिळला. जागा आखडली की मेंढरे त्याच त्या तुकड्यावर पुन्हा पुन्हा फिरतात, मग गवत खरोखरच संपते, आणि आपण धनगराकडे बोट दाखवितो. पण ज्याने ते बंगले बांधले त्याला जमीन 'रिकामी आहे' असेच कोणीतरी सांगितले असणार.

यावर हे काही बोलले नाहीत. त्यांनी वर्तमानपत्र पुन्हा उचलले. आमच्याकडे याला सहमती समजतात.

गेल्या नवरात्रानंतर मी त्या विद्यार्थिनीला घेऊन माळावर गेले. म्हातारा भेटेल अशी मला आशा नव्हती. पण तो होता, थोडा अधिक वाकलेला. त्याने मला ओळखले नाही. मी झाडांची गोष्ट काढली तेव्हा मात्र ओळखले, आणि त्याच्या डोळ्यांत थोडे हसू आले.

"खड्डं ऱ्हायल्यात बगा अजून," तो म्हणाला. "पावसाळ्यात पानी साचतं. कोकरं पित्यात. वाया न्हाई ग्येलं."

त्याच्या वागण्यातील ही दिलदारी मला सोसवेना. मी वही काढली आणि म्हटले, "आजोबा, इथल्या गवतांची नावं सांगा. सगळी."

तो वाकून एकेक काडी उपटू लागला. ही पवन्या. हा मारवेल, ह्येच्यावर म्येंढी लोण्यावानी व्हती. ही कुसळी, कवळी हाय तवर चांगली, वाळली की लोकरीत घुसती. हा शेडा. मी लिहीत होते, मुलगी काड्या कागदात चिकटवीत होती. एका गवताचे नाव त्याला आठवेना, म्हणून त्याने नातवाला हाक मारली. नातू मोबाईलवर काही पाहत होता, त्यालाही येईना. मग सुनेला विचारले. तिने भाकरी थापता थापता पटकन सांगितले. मी बावीस नावे लिहिली. त्यांतली पाच मला कोशात सापडली नाहीत.

वाडा हलविण्याची तयारी चालली होती. वाघरा गुंडाळून ठेवल्या होत्या, घोड्यावर लादावयाची भांडी बाहेर काढली होती. दिवाळी झाली की ही मंडळी कळप घेऊन घाट उतरतात, कोकणातल्या शेतांत मेंढ्या बसवितात, आणि पावसाच्या तोंडाला माळावर परत येतात.

"ह्ये लिवून काय करनार बाई?" त्याने विचारले.

"दिवाळी अंकात छापून येईल," मी म्हणाले.

त्याने थोडा हिशेब केला. "तवा आमी कोकनात. अंक ठिवा म्हंजे झालं. मिरगाला येतो, मंग वाचून दावा."